शतायुषींना राष्ट्राध्यक्षांचे पत्र

आयर्लंडच्या ग्रामीण जीवनाविषयी मला जे अपार कुतूहल आहे, त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे तेथे वृद्धत्वाला मिळणारा सण-समारंभांचा मान. वयाची शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीचे अभिनंदनपत्र येते, सरकारी खजिन्यातून 2,540 युरोंची बक्षिसी मिळते, आणि पुढे प्रत्येक वाढदिवशी एक स्मृतिनाणे घरी पोहोचते; असे पत्र एखाद्या लहानशा गावात आले, म्हणजे तो आनंद केवळ एका कुटुंबाचा राहत नसावा!

सहासष्टाव्या वर्षापासून बस व आगगाडीचा प्रवास विनामूल्य होतो. 1967 साली सुरू झालेल्या या योजनेमुळे दूरच्या बहिणीला भेटणे किंवा बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणे पैशावाचून अडत नाही.

मला मात्र सर्वांत मोह पडतो तो हिवाळ्यातील रात्रींचा. चुलीत पीट या दलदलीतल्या इंधनाचा विस्तव, सोबत कडक चहा आणि मनुकांचा ‘ब्रॅक’ नावाचा पाव, आणि ‘पंचवीस’ नावाचा पत्त्यांचा डाव, ज्यात हुकुमाची पंजी राजा-राणीलाच नव्हे, तर एक्क्यालाही जिंकते आणि बदामाचा एक्का, हुकूम कोणताही असो, सदैव हुकुमातच गणला जातो. नाताळच्या सुमारास या डावांत बक्षीस म्हणून टर्की पक्षी लावतात.

कॉर्क व केरी परगण्यांत 6 जानेवारी हा ‘स्त्रियांचा नाताळ’. त्या दिवशी घरकाम पुरुषांकडे सोपवून आज्या-पणज्या मैत्रिणींसह निवांत चहाला बसतात.