जिनचा शाफ्ट

सकाळी 7. शटर वर जायच्या आधीच जिनिंगवाल्याचा फोन. "मिस्त्री, शाफ्ट गेला. दुपारपर्यंत पायजे बघा." हंगामात हे रोजचंच. दिवाळी ते होळी बीड जिल्ह्यात कापूस आणि ऊस एकदमच येतात. जिनिंग आणि साखर कारखाने दोघांनाही मी आजच हवा असतो. मे महिन्यात कुणालाच नको.

8.30. शाफ्ट आला. बेअरिंगची जागा झिजून चकाकत होती, कड नखाला लागत होती. व्हर्नियर लावलं, 50 मिलिमीटरचं 49.6 भरलं. आमच्या लेथवरच्या मामांनी वेल्डिंगचे थर चढवले, शाफ्ट थोडा थोडा फिरवत, नाहीतर एकीकडून तापून वाकतो. मग लेथ. शेवटचा कट मामा कुणाशी न बोलता घेतात. तेवढा वेळ फोनही वाजला तर मला शिव्या.

12. शाफ्ट परत रवाना झाला, दुसऱ्या कामाचा गिअर अडला. दात आम्ही पाडतो, हार्डनिंगला मात्र संभाजीनगर, सव्वाशे किलोमीटर. पोत्यात गुंडाळून ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती दिला. आला तर परवा. 17 सप्टेंबर 2025 ला बीडला रेल्वे आली खरी, पण ती जाते अहिल्यानगरला.

3. डबा. उमेदवारीची चार वर्षं मी संभाजीनगरजवळ वाळूजला काढली. 1985 मध्ये बजाज आली, तिच्यामागे प्लेटिंगवाले, डायवाले, हार्डनिंगवाले आले. जॉब हातगाडीवर जायचा, संध्याकाळी परत. गाड्यांचं काम मंदावलं की मालक औषध कंपन्यांच्या, बिअर कारखान्यांच्या दारात. लेथ तोच, गिऱ्हाईक दुसरं. त्या चार वर्षांत त्याचे दोन लेथ सहा झाले.

5. हेल्पर पोरगा विचारतो, "होळीनंतर काय?" हात बसलाय त्याचा. मागचा असाच तयार झाला आणि पुण्याकडे चाकणला गेला. आपल्याकडेही परळीचं वीज केंद्र आहे, म्हणतात लोक. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी तेच बंद पडलं. त्या दुष्काळात कापूस गेला, ऊस गेला, परळीचं कामही गेलं. धंदे तीन, पाऊस एकच. पोराला म्हटलं, "बघू."

8.30. दुसऱ्या लेथचं कोटेशन ड्रॉवरमध्ये दोन वर्षं पडून आहे. हप्ता बारा महिने, काम पाच. शटर ओढलं, तोच फोन. "चालू झालं मिस्त्री. सकाळी दुसरा शाफ्ट आणतो."