लेपा : एकाच बाजूला दोन डोळे

कोकणातल्या मासळीबाजारात चपटा, जिभेसारखा लांबट लेपा सगळ्यांच्या ओळखीचा. वरून मातकट तपकिरी, खालून पांढरा. आणि दोन्ही डोळे डाव्या बाजूला.

हा मासा जन्मतः असा नसतो. अंड्यातून बाहेर पडलेलं इवलंसं पिल्लू इतर माशांसारखं उभं पोहतं, दोन्ही बाजूंना एकेक डोळा घेऊन. मग थायरॉइडच्या संप्रेरकामुळे कवटीची हाडं वळू लागतात, उजवा डोळा डोक्यावरून डावीकडे सरकतो आणि मासा उजव्या कुशीवर आडवा होतो, तो कायमचाच. उत्क्रांतीत ही घडण हळूहळू झाली असेल का, यावर डार्विनच्या काळी मोठा वाद होता. 2008 साली जीवाश्मशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमन यांनी चपट्या माशांच्या सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत अर्ध्या वाटेवर थांबलेला डोळा दाखवून दिला. उत्क्रांतीचा इतका सुंदर पुरावा क्वचितच मिळतो!

किनाऱ्याजवळचा उथळ, चिखल-रेतीचा तळ हे लेप्याचं घर. तिथे गाळात अंग पुरून तो सागरी कृमी आणि बारीक कवचधारी जीव खातो. तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी हाच गाळ ढवळून काढतात. म्हणून लेपा टिकवायचा तर आधी त्याचा तळ जपायला हवा.