चहासारखा करा

गेल्या महिन्यात एक पोरगा काखेत फ्रेम घेऊन दुकानात आला. फ्रेममध्ये त्याचे आजोबा. डोक्याला पटका, भरघोस मिशी, मागे येलदरी धरणाचा अर्धवट भराव.

"काका, याला कलर करून द्या ना. मोबाइलवर होतं तसं, फक्त मोठं पाहिजे. हे जुनाट दिसायलंय. पिवळं पडलंय."

मी फ्रेम उलटी करून मागचा पुठ्ठा काढला. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने माझंच अक्षर होतं: साल २०११, कागद, शाई. फोटो पिवळा पडलेला नव्हता. तो जन्मालाच तसा आला होता. आठ दिवस घालवून, पाच-सहा टेस्ट पट्ट्या फाडून मी त्याला त्या रंगावर आणला होता. इतक्या वर्षांत त्याचा रंग तसूभर हलला नव्हता, आणि नातवाला तो बिघडलेला वाटत होता.

त्या दिवसापासून हा हिशेब डोक्यात घोळतोय. तपकिरी म्हणजे म्हातारा फोटो, ही समजूत आता एवढी पक्की झाली आहे की मोबाइलमधलं सेपियाचं बटण दाबलं की कालचं बारसंसुद्धा शंभर वर्षांपूर्वीचं होतं. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. फोटो म्हातारा होऊ नये म्हणून त्याला तपकिरी करत असत.

आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातला. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे प्रिंट पाहिलेत तर तो जांभळट तपकिरी रंग डोळ्यांत राहतो. अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद, त्यावर चांदीचे क्षार, उन्हात छाप, आणि वर सोन्याच्या क्षाराचं पाणी. तो रंग वयाचा नव्हता, रीतीचा होता.

मी तपकिरी करण्याची माझी रीत शिकलो १९८२ साली, जिंतूरच्या एका उस्तादांकडे. ब्रोमाइडचा प्रिंट नीट धुऊन आधी पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइडच्या पाण्यात टाकायचा. बघता बघता चेहरा फिकट पिवळा होऊन जवळजवळ पुसला जातो. पहिल्यांदा मी घाबरून ओरडलो होतो, "उस्ताद, गेला!" ते म्हणाले, "थांब, येतो." मग प्रिंट धुऊन सोडियम सल्फाइडमध्ये टाकला, आणि तोच माणूस चहाच्या रंगात परत आला. सडक्या अंड्यांचा वास मात्र असा की उस्तादांच्या घरच्यांनी हे काम गोठ्यात हलवलं होतं. तेही बरंच होतं. त्या वासाने डार्करूममधला कोरा कागद काळवंडतो.

उस्तादांनी कारण सांगितलं ते पैंजणाचं. चांदीचे पैंजण पेटीत पडून काळे का पडतात? हवेतलं गंधक चांदीला खातं. ब्रोमाइडच्या फोटोतही चांदीच असते. हवा पैंजणाला जे वीस वर्षांत करते ते आपण फोटोला दहा मिनिटांत करून टाकायचं. मग हवेला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. प्रिंट झाला की ते कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने साल आणि रसायन लिहायचे. शाई पुढे उमटते, पेन्सिल उमटत नाही. ती सवय मला लागली ती कायमची.

धरणाजवळच्या आमच्या येलदरी कॅम्पात सेपिया हा शब्द कुणी वापरत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "चहासारखा करा." सेपिया हे मुळात समुद्रातल्या एका प्राण्याचं नाव, कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याच्या गोतातला. त्याच्या पिशवीतल्या शाईने पूर्वी युरोपात चित्रं काढत. म्हणजे नाव शाईचं, पण आमच्या गोठ्यातल्या सेपियात शाईचा थेंब नव्हता. शाई आली ती नंतर, आणि तिने मला बरंच छळलं.

१९८५ ते २००५ ही वीस वर्षं रंगीत रोलची. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. लग्नं, बारशी, फ्लॅश, लॅबची पाकिटं. कृष्णधवल हवं म्हटलं की लॅबवाला ते रंगीत कागदावरच काढायचा, आणि नवरदेव शेवाळल्यासारखा हिरवट यायचा. "सेपिया पाहिजे? जादा लागतील," म्हणायचा. जादा घेऊन जे द्यायचा ते गंजलेल्या पत्र्यासारखं दिसायचं.

मग दोन वर्षांत सगळं कोसळलं. २००४ मध्ये इंग्लंडची इल्फर्ड दिवाळखोरीच्या दारात गेली. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं आणि आग्फाफोटोचं दिवाळं निघालं. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद आमच्याकडे त्याआधीच मिळेनासा झाला होता. गोठ्यातल्या बाटल्या रिकाम्या करून मी इंकजेटकडे वळलो.

पहिली दोन-तीन वर्षं माझ्या हातून पाप झालं, ते आधी कबूल करतो. साधा प्रिंटर, पाण्यात विरघळणाऱ्या डाय शाईचा. त्यात राखाडी रंग निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून बनतो. तराजूचं एक पारडं जरा हललं की चेहरा हिरवा नाही तर गुलाबी. त्याहून वाईट म्हणजे ट्यूबलाइटखाली हिरवा दिसणारा फोटो बाहेर उन्हात गुलाबी दिसायचा. त्यावर उपाय म्हणून मी सरसकट सगळ्यांना तपकिरी केलं. तपकिरीत असले दोष लपतात. लोक खूश, मीही खूश. त्यात एक शाईवाला बॅग घेऊन फिरायचा. "कंपनीसारखीच आहे, डोळे झाकून भरा," म्हणायचा. मी डोळे झाकले. डाय शाईतला निळा हवेने आधी उडतो, मागे उरतो लाल आणि पिवळा. वर्षाच्या आत भिंतीवरचे आजोबा ताडी प्यायल्यासारखे लालबुंद झाले. एक मावशी फोटो परत घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भाऊ, हे असे नव्हते." ते अजून बोचतं.

२००८ मध्ये औरंगाबादहून जुना एप्सन आर-२४०० आणला. या यंत्रासाठी मी म्हैस विकली, हे घरात अजून काढलं जातं. त्यात रंगद्रव्याची शाई, म्हणजे बारीक घन कणांची, आणि काळ्याच तीन छटा: काळी, फिकट काळी, त्याहून फिकट काळी. कृष्णधवलसाठी वेगळी सोय होती. बहुतेक काम या तीन काळ्या करायच्या आणि रंगीत शाई नखभर पडायची, त्यामुळे उन्हात-सावलीत चेहरा बदलायचा त्रास बराच कमी झाला. पडद्यावर एक गोल रंगचक्र यायचं, त्यातला ठिपका सरकवून छटा ठरवायची. तयार 'सेपिया' मी कधी वापरला नाही. तो काकवीसारखा चिकट वाटायचा. 'वॉर्म' घ्यायचं, ठिपका पिवळ्या-तांबड्याकडे जरासा ढकलायचा, पट्टी काढायची, रात्रभर वाळू द्यायची. मग ती पट्टी तीन ठिकाणी बघायची: ट्यूबखाली, साठच्या बल्बखाली आणि दुपारी चारला दुकानापुढच्या लिंबाखाली. तिन्हीकडे माणूस तोच दिसला तर पास.

हे सगळं लोडशेडिंगच्या काळात. पूर्णेवर धरण, धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं वीजघर, आणि त्याच्या कुशीतल्या कॅम्पात बारा-बारा तास अंधार! वीज गेली की अर्धा प्रिंट रद्द. आली की यंत्र चालू होताना स्वतःचं नाक साफ करतं आणि त्यात महागाची शाई पोटातल्या स्पंजात ओततं. दिवसातून तीनदा वीज गेली तर तीनदा. शाई फोटोवर जास्त पडली की त्या स्पंजात, हे मी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर म्हैस आठवली असती.

त्याच वर्षांत मला कळलं की उस्तादांचं पैंजण या यंत्रातही आहे. काळी शाई म्हणजे मुळात काजळी, कार्बन. आपण काजळीला काळी म्हणतो, पण ती पातळ करून पांढऱ्या कागदावर फासा, तपकिरी दिसते. ती तटस्थ राखाडी दिसावी म्हणून कंपन्या तिच्यात इतर रंग मिसळतात. टिकाऊ असते ती काजळी, आणि उडायचेच झाले तर आधी ते मिसळलेले रंग उडतात. अमेरिकेत जॉन कोन यांनी २००० साली पिझोग्राफी काढली ती याच वाटेने, रंगीत शाया काढून त्या जागी काळ्याच्याच छटा भरायच्या. पॉल रोर्क हे तर निव्वळ कार्बनची शाई घरी पातळ करून वापरायची कृती सांगत होते. रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोन रिप या स्वस्त संगणकप्रणालीने गरम आणि थंड छटांचं प्रमाण हवं तसं ठेवता यायचं. उजेडाला थोडी थंड, सावलीला गरम. मिशीखालची सावली उबदार आणि पटक्याची घडी कागदाच्या रंगाची ठेवता आली की माणूस फोटोत बसल्यासारखा वाटतो.

मी सिरिंज घेऊन शाया पातळ करत बसलो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणून पाहिला. काय देखणा कागद! पण त्यावर इंकजेटचा लेप नसतो, त्यामुळे शाई आत मुरायची आणि काळा रंग राखेसारखा यायचा. शेवटी सुती लगद्याचा, चमक नसलेला, निळसर झाक देणारी पावडर न घातलेला कागद मुंबईहून मागवला. एका कागदाला जे पडायचं त्यात बत्तीस पासपोर्ट फोटो झाले असते.

त्या कागदावर मी धरण छापलं. १९६८ साली धरण पूर्ण झालं तेव्हा कामावर असलेल्यांच्या घरांत पेट्यांच्या तळाशी तळहाताएवढे फोटो होते. घमेली घेऊन चढणाऱ्या बायांची रांग, गाढवांचे तांडे, चिलीम ओढणारे मुकादम. माझे वडीलही त्यातलेच एक. लोक फोटो आणून द्यायचे आणि आठ-आठ दिवस थांबायचे. "झाला का?" विचारायला यायचे, चहा घ्यायचे, फोटोतल्या कुणाचं तरी नाव सांगून जायचे. पटक्यावाले आजोबा त्यातलेच. त्या वर्षांनी मला कर्ज दिलं, पण तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

२०१२च्या सुमारास टाकीवाले सहा रंगी प्रिंटर आले. स्वस्त शाई, झटपट काम, एका कागदावर आठ पासपोर्ट. मीही घेतला. न घेऊन काय करणार? २०१६च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या धरणांनी तळ गाठला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. त्याच एप्रिलमध्ये आर-२४००चं हेड चोक झालं ते कायमचं. गरम पाणी, सिरिंज, देवाचा धावा, सगळं झालं. नोझल चेकमध्ये एक रेघ उमटायची ती पुढच्या वेळी गायब.

धरणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा एका कार्यालयाने माझ्या स्कॅन केलेल्या फाइली नेल्या. मला वाटलं, प्रदर्शन होईल. झालं फ्लेक्स. घमेली घेतलेल्या बाया नारिंगी, मागे इंटरनेटवरचे ढग चिकटवलेले, वर मान्यवरांचे वर्तुळातले चेहरे. प्रिंट मागितले असते तर मी फुकट दिले असते. पुढच्या पावसाळ्यात तो फ्लेक्स एका गोठ्यावर दिसला. बाया उलट्या लटकत होत्या आणि खाली शेण पडलं होतं. गोठ्याशी माझं जुनं नातं, म्हणून काही बोललो नाही.

तर तो पोरगा. त्याने मोबाइलवर करून पाहिलेला कलर मला दाखवला. आजोबांचा पटका भगवा आणि मागचा मुरमाचा भराव हिरवागार.

"पटका भगवा होता का?"

"माहीत नाही की. ॲपनंच केलाय."

"घरी आजी आहे ना? विचार."

त्याने तिथूनच फोन लावला. आजीने बराच वेळ लावला, मग पलीकडून आवाज आला, "पांढरा होता रे. धरणावर जायचे तर मुरमानं पार चहासारखा होऊन यायचा. धुऊन धुऊन माझे हात गेले."

मी कलर करून दिला. दुकान चालवायचं आहे. दीडशे रुपये घेतले. पटका पांढरा केला, त्यावर मुरमाची धूळ बसवायला अर्धा तास घालवला. भराव तपकिरी केला. टाकीच्या प्रिंटरवर, चकचकीत कागदावर छापला. मग सवयीने उलटा करून पेन्सिल टेकवली, पण त्या प्लास्टिकच्या पाठीवर ती उमटेना. बॉलपेन घेतला आणि लिहिलं: "रंग अंदाजाने. पटक्याचा रंग आजींनी सांगितला. मूळ प्रिंट २०११चा, घरी आहे, टाकू नये."