टोपलीतला विषम आकडा

बांबूची साधी टोपली उलटी करा आणि बुडाकडून काठाकडे जाणाऱ्या कामट्या मोजा. एकाच पट्टीने गोल गोल विणत नेलेली असेल, तर आकडा बहुधा विषम निघेल. तो सम ठेवला, तर दुसऱ्या फेरीत पट्टी पहिल्यासारखीच त्याच कामट्यांच्या वरून आणि त्याच कामट्यांच्या खालून जाईल. वीण बसणारच नाही. एक कामटी वाढवली की वरची खाली आणि खालची वर, हे प्रत्येक फेरीत आपसूक होतं. (सम कामट्यांवरही विणता येतं, पण मग दोन पट्ट्या लागतात.) नवापूरकडच्या, बांबूकाम करणाऱ्या कोटवालिया समाजाच्या घरांत हे गणित पाटीवर कोणी मांडत नाही. ते हातात असतं.

मला त्याहून नवल वाटतं ते विणण्याआधीच्या कामाचं. कोयत्याने बांबूला तोंड पाडलं की पुढची चीर बरीचशी हातानेच ओढत नेतात. ती हटकून एका अंगाला सरकू लागते. एक पट्टी पातळ होते, दुसरी जाड. अशा वेळी जाड बाजू जास्त वाकवायची. चीर नेहमी जास्त वाकलेल्या बाजूकडे वळते, त्यामुळे ती पुन्हा मध्यावर येते. डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळावं लागतं. त्यातून बांबू आतबाहेर सारखा नसतो. सालीलगत धागे दाट, पोटाकडे विरळ. म्हणून ओझं सोसायला सालीकडची पट्टी लागते. शिवाय हे झाड नव्हेच, गवत आहे! आपल्या वन कायद्याला मात्र ते 2017 पर्यंत झाडच वाटत होतं.

एवढं कसब असताना टोपली विणणं ही कला न ठरता नुसती कारागिरी कशी ठरली? चित्र, शिल्प, काव्य, संगीत आणि नृत्य यांना ‘ललित कला’ म्हणून एका पंक्तीत बसवलं फ्रान्सच्या शार्ल बात्यो यांनी, 1746 साली. पुढे 1790 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी सांगितलं की कला मुक्त असते, कारागिरी मजुरीसाठी केली जाते. म्हणजे कला आणि कारागिरी यांच्यामधली ही भिंत जेमतेम पावणेतीनशे वर्षांची, आणि तीही दूरदेशी बांधलेली. सातपुड्यात ती टिकत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप असतात आणि त्यांचा सांगाडा बांबूचा असतो. ते कोणत्या दालनात ठेवणार?

कांट यांची मजुरीची कसोटी तर भोपाळला पार कोसळली. 1982 मध्ये सुरू झालेल्या भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर झाबुआकडच्या भिल्ल समाजातल्या भूरीबाई रोजंदारीने काम करत होत्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले, आणि चित्रांचे पैसेही. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

टोपलीवर मात्र सही करायची रीत अजून पडलेली नाही. आठवडी बाजारात गिऱ्हाईक ती उचलून बूड दाबून बघतं आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या टबाचा भाव विचारतं.