मोरीतून शेतात, शेतातून ताटात

भांडी घासली, कपडे धुतले, पाणी मोरीत सोडलं की आपलं काम संपलं असं आपण समजतो. पण त्या पाण्याचा प्रवास तिथून सुरू होतो. जिथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, तिथे पाणी साफ करून पुढे सोडतात आणि मागे काळा, दाट गाळ उरतो. त्यात नत्र, स्फुरद भरपूर. म्हणून तो वाळवून शेतात खत म्हणून टाकतात. आपल्याकडे सोनखत होतंच की! उगाच नाही त्याला ‘सोनं’ म्हणायचे.

मग काळजी कसली? सोनखताच्या काळात त्यात कारखान्यांची रसायनं नव्हती. आज गटारात तीही येतात. त्यातलाच एक गट म्हणजे ‘पीफास’. पाणी आणि तेल चिकटू नये म्हणून रेनकोट, गालिचे, खाद्यपदार्थांची वेष्टनं अशा कितीतरी वस्तूंत ही रसायनं वापरली गेली. त्यांतलं ‘पीफोआ’ नॉनस्टिकचा थर बनवतानाही वर्षानुवर्षं वापरलं जायचं. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट, की ही रसायनं कुजत नाहीत. नेहमीच्या शुद्धीकरणात ती नष्ट होत नाहीत, गाळात साठत राहतात.

याची किंमत अमेरिकेतल्या मेन राज्याने मोजली. तिथे अनेक वर्षं असा गाळ शेतांवर पसरला जात होता. २०१६ साली आरुंडेल गावातल्या एका दूध उत्पादकाच्या शेतावर पीफास सापडलं. गाळ मातीत, मातीतून चाऱ्यात, चाऱ्यातून गाईच्या दुधात! युनिटी गावातल्या एका तरुण जोडप्याने २०१४ साली शेत विकत घेतलं आणि सेंद्रिय शेती सुरू केली. तिथे १९९० च्या दशकात गाळ टाकला होता, हे त्यांना २०२१ मध्ये समजलं. माती, विहिरीचं पाणी आणि दोघांचं रक्त, सगळ्यात पीफास! त्यांनी मालाची विक्री थांबवली. ज्यांनी स्वतः कधी रसायन फवारलं नाही, त्यांच्यावर ही वेळ आली.

२०२२ साली मेनने शेतात गाळ टाकण्यावर कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतलं असं ते पहिलं राज्य. बाधित शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधीही ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ‘पीफोआ’ला कर्करोगकारक ठरवलं. वाढलेलं कोलेस्टेरॉल, लसीचा कमी परिणाम, बाळाचं कमी वजन यांच्याशीही पीफासचा संबंध आढळला आहे. आईच्या दुधातूनही ती बाळापर्यंत जातात. पण म्हणून अंगावरचं पाजणं थांबवू नका बरं! त्याचे फायदे मोठे आहेत, असंच डॉक्टर सांगतात.

मैत्रिणींनो, गाळ हा काही शत्रू नाही. आपल्याकडे वाईसारख्या गावाने २०१८ पासून सेप्टिक टँक ठरावीक काळाने उपसून मैल्यावर प्रक्रिया सुरू केली, ते चांगलंच झालं. पण खत म्हणून गाळ घेताना तो कुठून आला, त्यात कारखान्यांचं पाणी मिसळतं का, हे विचारायलाच हवं. शहरी कंपोस्टमध्ये शिसं, कॅडमियम, पारा किती चालेल, याच्या मर्यादा खत नियंत्रण आदेशात दिल्या आहेत. तपासणीचा अहवाल मागा. बचत गटात, ग्रामसभेत हा विषय काढा. पीफासचीही तपासणी व्हावी, अशी मागणी करा.

घरात उरलेला रंग, कीटकनाशक, मुदत संपलेली औषधं मोरीत ओतू नका. परसबागेला घरच्या भाजीच्या सालींचं खत पुरतं. आणि हो, माळ्यावरचा बिडाचा तवा खाली काढा!

आपण केलं तेवढं पुरेल असं नाही. कारखान्याच्या दारातच ही रसायनं अडली पाहिजेत. एकदा मातीत गेली, की ती परत काढणं फार कठीण. आणि त्या मातीत पिकलेलं आपल्याच लेकरांच्या ताटात यायचं असतं.