एक कप मैदा, त्यात मैदा किती?

‘अमेरिकी कृतीतला एक कप मैदा म्हणजे नेमका किती ग्रॅम?’ असं एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. इंटरनेटवर एक तक्ता 120 सांगतो, दुसरा 125, तिसरा 140. खरा कोणता? तिन्ही खरे. खोट तक्त्यांत नाही, मैद्यात आहे.

साखर असा त्रास देत नाही. कपभर साखर साधारण 200 ग्रॅम, भरणारा हात कोणाचाही असो. साखरेचा दाणा जड, तो आपल्या वजनानं घरंगळत जाऊन जागा धरतो. मैद्याचे कण मात्र बहुतेक 100 मायक्रोमीटरपेक्षाही लहान. इतक्या बारीक कणांवर गुरुत्वाकर्षणाचा फारसा वचक नसतो. ते शेजाऱ्याला चिकटतात, त्यांच्या कमानी होतात आणि कमानींखाली पोकळ्या राहतात. हिशेब करून पाहा. मैद्याच्या कणाची स्वतःची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट, अमेरिकी कप 237 मिलिलिटरचा. त्यात 120 ग्रॅम मैदा बसला तर कणांनी व्यापलेली जागा भरते जेमतेम 80-85 मिलिलिटर. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश कप नुसती हवा!

ही हवा किती उरणार ते हातावर अवलंबून. चाळलेला मैदा अलगद भरला तर 110-115 ग्रॅम, चमच्यानं भरून सुरीनं सपाट केला तर 120-125, डब्यात कप खुपसून काढला तर 140 किंवा त्याहून जास्त, आणि वर कप ओट्यावर दोनदा आपटला की 150च्या पुढे. विदर्भात गाडीभर दिसणारा कापूस प्रेसमध्ये गेला की त्याची आटोपशीर गाठ होते, तसंच हे. औषध कारखान्यांत तर पावडर आधी सैल भरून आणि मग ठोकून ठोकून बसवून तिची घनता दोनदा मोजतात. या दोन घनतांच्या गुणोत्तराला हाउसनर गुणोत्तर म्हणतात. ते सव्वाच्या वर गेलं की पावडर चिकट, नीट न वाहणारी. स्वयंपाकघरात ही काळजी कोण घेणार?

घेतली होती एका बाईनं. फॅनी फार्मर हे नाव ‘सपाट मापाची जननी’ म्हणून सांगितलं जातं, पण मला ते श्रेय अपुरं वाटतं. ऐन किशोरवयात पक्षाघातासारख्या आजारानं तिचं शिक्षण तुटलं. पुढे ती बॉस्टनच्या पाकशाळेची प्रमुख झाली आणि 1896मध्ये तिनं पाककृतींचं पुस्तक काढलं. प्रकाशकाचा भरवसा नव्हता, म्हणून पहिल्या 3000 प्रतींचा खर्च तिनं स्वतः सोसला. ‘अंड्याएवढं लोणी’ छापाच्या मोघम मापांच्या जागी तिनं सपाट कप-चमचे आणले, एवढं सगळे सांगतात. पण त्याच पुस्तकात तिनं बजावलंय की पीठ मापण्याआधी चाळा, चमच्यानं भरा, सुरीनं सपाट करा आणि कप हलवू नका. शेवटची सूचना पाहा! पावडरीचं शास्त्र नावारूपाला येण्याआधीच बाईनं त्यातली मेख ओळखली होती. नंतरच्या लेखकांनी तिचा कप ठेवला आणि चाळण टाकून दिली.

त्यात कपही सगळीकडे एक नाही. ऑस्ट्रेलियात तो 250 मिलिलिटरचा, जपानमध्ये 200चा.

मग उपाय उरतो वजन करण्याचा. तोही अगदी निर्दोष नाही. पावसाळी हवेत पीठ ओल धरतं, पण तो फरक एक-दोन टक्क्यांचा असतो. कपातला फरक सहज पंचवीस-तीस टक्क्यांवर जातो, आणि तेवढ्यानं केक दडस होतो. दिवाळीत नानकटाईसाठी सामान घेऊन गेलात तर बेकरीवाला मैदा आधी काट्यावर टाकतो, ते उगाच नाही.

तेव्हा ताई, लेखकानं ग्रॅम दिले असतील तर कपाकडे पाहूच नका. दिले नसतील तर 120 धरून सुरुवात करा, केक बरा झाला की तो आकडा कृतीशेजारी पेनानं लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी कप चहालाच वापरा.