थंड उपसागर आणि पोहणाराचा अभ्यास

पोहणें ही विद्या आपणांस नवी नाहीं. वाळक्या भोपळ्याच्या आधारानें विहिरींत हातपाय मारूं लागलेलीं व पुढें पुराच्या पाण्यांत सूर मारणारीं माणसें आपल्या गांवोगांवीं होऊन गेलीं. परंतु जेथें पाणी बारमाही गार, ओढ प्रचंड आणि मालाच्या जहाजांची ये-जा अखंड, अशा जागीं केवळ हौसेनें नित्य पोहणारीं माणसें आहेत, हें सांगितलें तर पुष्कळांस तो वेडाचार वाटेल. तो वेडाचार आहे कीं त्यांत कांहीं शिकण्यासारखें आहे, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. कारण पाण्याची भीति आणि पाण्याविषयींचा गाफीलपणा, हीं दोन्ही आपल्या घरांतहि आहेत.

ही जागा म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्कोचा उपसागर. तो पॅसिफिक महासागरास गोल्डन गेट नांवाच्या सुमारें एक मैल रुंदीच्या मुखानें मिळतो. भरती-ओहोटीचें सारें पाणी या एकाच मुखांतून आंत-बाहेर करितें, त्यामुळें तेथील ओढ कित्येकदां ताशीं चार मैलांहूनहि अधिक होते. उत्तम पोहणारा ताशीं सुमारें दोन मैल जातो. म्हणजे ओढीशीं बळानें झुंजणें हा मार्ग मुळांतच बंद आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानें वाहणारे वायव्येचे वारे समुद्राच्या पृष्ठभागावरील पाणी दूर लोटतात व त्याच्या जागीं तळचें गार पाणी वर येतें. म्हणून या पाण्याची उष्णता वर्षभर सुमारें १० ते १६ अंश सेल्सिअस इतकीच असते. मुंबईच्या समुद्राचें पाणी ऐन हिंवाळ्यांतहि त्या मानानें कोमटच म्हटलें पाहिजे.

या उपसागरांत, किनाऱ्यापासून सुमारें सव्वा मैलावर, आल्कत्राझ नांवाचें खडकाळ बेट आहे. १९३४ पासून १९६३ पर्यंत तेथें अमेरिकन सरकारचा कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग होता, आणि भोंवतालचें पाणी हीच त्याची मुख्य भिंत समजली जाई. त्या अवधींत ३६ कैद्यांनीं मिळून १४ वेळां पलायनाचा यत्न केला. जून १९६२ मध्यें तिघे जण रेनकोटांचा तराफा करून निघाले. त्यांचा पुढें पत्ता लागला नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत एक कैदी खरोखरच पोहत किनाऱ्यास लागला. परंतु ओढीनें त्याला गोल्डन गेटच्या पुलाजवळील खडकांवर नेऊन टाकलें, व तो सांपडला तेव्हां थंडीनें पार गारठला होता. कैद्यांच्या अंगास गारव्याची संवय होऊं नये म्हणून त्यांस स्नानास मुद्दाम ऊन पाणी देत, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यांतील मर्म खरें आहे. तें पुढें येईलच.

आतां याच पाण्याची दुसरी बाजू पाहा. हा तुरुंग सुरू होण्यापूर्वीं, १९३३ सालीं, त्या बेटावर राहणाऱ्या एका सैनिकाची सतरा वर्षांची कन्या अनास्तासिया स्कॉट बेटावरून पोहत शहराच्या किनाऱ्यास आली होती. किनाऱ्यावर १८७३ सालीं स्थापन झालेली साउथ एंड आणि १८७७ सालची डॉल्फिन, अशा दोन मंडळ्या शेजारीं शेजारीं आहेत. तेथील सभासदांपैकीं अनेक जण अंगास चिकटणारा रबरी पोशाख न घालतां, पोहण्याच्या साध्या वस्त्रांत, वर्षभर या पाण्यांत उतरतात. त्यांत साठीसत्तरी उलटलेलीं माणसेंहि असतात. मात्र स्त्रियांस या मंडळ्यांचें दार १९७० नंतरच्या दशकांत उघडलें. सतरा वर्षांच्या मुलीनें जें करून दाखविलें होतें, तें मान्य करण्यास मंडळ्यांस चाळीस वर्षें लागलीं.

कैद्यांस जें पाणी भिंत झालें, तें या लोकांस अंगण कसें झालें? उत्तर शरीराच्या धर्मांत आहे. हवेच्या मानानें पाणी शरीराची उष्णता सुमारें पंचवीस पटीनें त्वरित ओढून घेतें. एकाएकीं गार पाण्यांत पडलेल्या माणसाचा श्वास आपोआप जोरानें आंत ओढला जातो व छातींत धाप लागते. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर पट्टीचा पोहणाराहि बुडतो. हा पहिला धक्का एक ते तीन मिनिटांत ओसरतो. त्यानंतर हातापायांचें बळ हळूहळू जातें, आणि सर्व शरीर गारठण्याची पाळी त्याहून उशिरा येते. थंड पाण्यांत थोडा वेळ, तोहि पांच-सहा वेळां उतरल्यानें पहिला धक्का पुष्कळ कमी होतो, असें संशोधनानें ठरलें आहे. ऊन पाण्याच्या त्या गोष्टींतील मर्म तें हेंच. बाहेर आल्यावरहि कांहीं मिनिटें शरीराच्या गाभ्याची उष्णता उतरतच राहते; म्हणून जाणते लोक किनाऱ्यास लागतांच अंग पुसून, कोरडे कपडे घालून, स्वस्थ बसतात.

ओढीचें गणितहि असेंच आहे. भरती-ओहोटीचें कोष्टक पाहून, पाणी स्थिर होण्याच्या सुमारास निघावयाचें. आणि जेथें पोंचावयाचें तिकडे तोंड न करितां, ओढ जितकी बाजूस नेईल तितकें तिच्या उलट अंगास रोख धरावयाचा. ओकलंड बंदराकडे जाणारीं प्रचंड जहाजें पोहणारासाठीं थांबूं शकत नाहींत, म्हणून तटरक्षक दलाच्या जहाज-नियंत्रकांस आधीं कळवितात, डोक्यावर भडक रंगाची टोपी घालतात, आणि जवळून वल्हवीत जाणारा सोबती सोडीत नाहींत. या सोबत्यानें बाहेर या म्हटलें कीं बाहेर यावयाचें, त्यावर वाद नाहीं.

आपण या सर्वांस सहज साहस म्हणतों. परंतु संस्कृतांत साहस या शब्दास अविचाराचा वास आहे. धर्मशास्त्रांत तर बळजबरीच्या गुन्ह्यांस तो शब्द लावितात. अभ्यास म्हणजे तीच क्रिया पुनःपुन्हां करणें. या पोहणारांस दुसराच शब्द शोभतो. आपल्या पुण्याचे श्री. रोहन मोरे यांनीं २०१८ सालीं न्यूझीलंडमधील कुकची सामुद्रधुनी पार करून जगांतील सात कठीण सामुद्रधुन्यांची मालिका पुरी केली, आणि तो मान मिळविणारे ते पहिले आशियाई ठरले. थंडीबद्दल प्रसिद्ध असलेली आयर्लंड व स्कॉटलंड यांमधील सामुद्रधुनी त्या मालिकेंतच आहे. असें काम एका दिवसाच्या आवेशानें होत नाहीं.

आपल्या घरांत मात्र दोन टोकें दिसतात. एक तर मुलास, विशेषतः मुलीस, पाण्याजवळ जाऊंच द्यावयाचें नाहीं. नाहीं तर सहलीस गेलेल्या न पोहणाऱ्या मुलांनीं अनोळखी धरणांत उड्या घ्याव्या, व घरच्यांस तें मागाहून कळावें. पहिल्यांतूनच पुष्कळदां दुसरें उद्भवतें, कारण जें शिकविलें नाहीं त्याची मर्यादा मुलास कळणार कोठून? आमच्या लहानपणीं वडीलधारीं माणसें तीर्थावर गेलीं म्हणजे प्रथम पाण्यास नमस्कार करीत, पाय धूत, तोंडावर पाणी घेत आणि मग पायरी-पायरीनें उतरत. हरिद्वारास किंवा गंगोत्रीस जाणारांनीं ती रीत सोडूं नये. बर्फाच्या पाण्यांत एकदम बुडी घेणें वृद्धांच्या हृदयास जड जाऊं शकतें.

मुलगा व मुलगी या दोघांसहि पोहणें शिकवावें, आणि त्याबरोबर तीन नियम शिकवावे: पाणी ओळखीचें झाल्यावांचून उडी नाहीं, धाप लागली तर तोंड वर ठेवून ती शमेपर्यंत नुसतें तरंगावयाचें, आणि कांठावर एक जाणतें माणूस असल्यावांचून पाण्यांत पाऊल नाहीं. तें माणूस आपण व्हावें, हें घरांतील वडील मंडळींचें काम आहे.